हरिश्चंद्राचे सत्य आणि तारामतीचे मोल

थोर कार्य त्यागावाचून सिद्धीस जात नाही, हे वचन आपल्या समाजात इतके रूढ झाले आहे की, तो त्याग कोणाचा, असे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. आपण चरित्रे वाचतो ती पुढे आलेल्या माणसांची. त्यांनी उपास काढले, कर्जे केली, लोकांची टवाळी सोसली, हे वाचून आपले मन भरून येते. परंतु त्या उपासाच्या दिवसांत चूल कोणी पेटती ठेवली, त्या कर्जापायी कोणाच्या अंगावरचे सोने उतरले, या गोष्टी चरित्रकार एका वाक्यात आटोपतो आणि त्यास ‘साथ’ असे गोड नाव देऊन मोकळा होतो. एकाच्या ध्येयासाठी दुसऱ्याचे आयुष्य खर्ची पडावे हे कितपत न्याय्य आहे, आणि ते पडलेच तर त्या ध्येयवंताकडे कोणते देणे उरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे घेतली आहेत ती चित्रपटसृष्टीतील. कारण या कलेस पैसा, माणसे आणि वेड ही तिन्ही एकदम लागतात आणि त्यामुळे जमाखर्चाच्या दोन्ही बाजू तेथे ठळक दिसतात.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. चिकलठाणा हे एके काळी शहराबाहेरचे खेडे होते. आज ते छत्रपती संभाजीनगरात मिसळून गेले असून औद्योगिक वसाहत आणि विमानतळ हीच त्याची ओळख झाली आहे. त्याच वसाहतीत आता चित्रपटगृहेही झाली. कारखान्यात पाळ्या करणाऱ्या बापाचा मुलगा आज सिनेमा काढण्याचे स्वप्न पाहतो, दुसरा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यास जाऊन राहतो, तिसरा गाण्याच्या मागे लागतो. अशांस उत्तेजन देणे हे अध्यापकाचे कर्तव्यच होय. परंतु कित्येक घरांत या उत्तेजनाचा दुसरा अर्थ असा होतो की, त्याच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीस थांबते. कारण दोघांच्या खर्चास घर पुरे पडत नाही. तिने ते आपखुशीने सोडले, असे घरचे सांगतात. तिला विचारले तर तीही तसेच सांगते. येथे अध्यापकाने काय म्हणावे? भावाची पाठ थोपटावी, की बहिणीची बाजू मांडावी? माझ्या मते या कोड्याचे उत्तर शोधण्यास धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्राइतके चांगले साधन दुसरे नाही.

फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायालेखन वगैरे विद्या संपादन केल्या. गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून बस्तान बसते न बसते तोच प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला; वधूचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर, सासरचे सरस्वती. पुढे त्यांनी मुद्रणाचा धंदा काढला, त्यात नाव मिळवले आणि भागीदारांशी न पटल्यामुळे तो सोडला. चाळिशी ओलांडलेला, हातचा धंदा गेलेला हा गृहस्थ १९११ साली गिरगावातील एका तंबूत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहावयास गेला, आणि त्या पडद्यावर त्यास राम आणि कृष्ण दिसू लागले. त्यानंतरची हकिकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. चित्रपट पाहून पाहून व रात्रंदिवस प्रयोग करून त्यांची दृष्टी काही काळ गेली. आयुष्याचा विमा गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले. सुमारे सात महिन्यांच्या खटपटीनंतर ३,७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

आता याच हकिकतीची दुसरी बाजू पाहू. दादर येथील राहत्या घरीच चित्रपटाचा कारखाना होता. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश नटांच्या तोंडावर परतवावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उभ्या राहत. रात्री निजानीज झाल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम त्यांचेच. फिल्म धुण्याची रसायने कालविण्याचे कामही त्यांचेच. दागिने गेले ते निराळेच. तारामतीच्या भूमिकेस बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी पत्नीसच ती भूमिका करण्यास सांगितले. पण मी पडद्यावर उभी राहिले तर बाकीची कामे कोण करील, असे म्हणून त्यांनी नकार दिला, असे सांगतात. शेवटी तारामती झाला तो एका उपाहारगृहातील आचारी, अण्णा साळुंके. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

येथे जी गोष्ट मनास चटका लावते, ती चित्रपटाच्या विषयात आहे. हरिश्चंद्राची कथा ही सत्यनिष्ठेची कथा म्हणून आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तिचा तपशील काय आहे? राजा विश्वामित्रास शब्द देऊन बसतो, राज्य देतो, आणि वरची दक्षिणा फेडण्यासाठी काशीच्या बाजारात आधी बायकोस विकतो, मुलास विकतो, आणि मग स्वतःस विकतो. शब्द एकाचा, विकली गेली तिघे. ज्या माणसाने आपल्या संकल्पासाठी पत्नीचे दागिने मोडले, तिच्या झोपेच्या रात्री खर्ची घातल्या आणि पोटच्या मुलास रोहिदास म्हणून उभे केले, त्याने पहिली कथा निवडावी ती हीच. मराठीतील पहिला बोलपट म्हणून जो ओळखला जातो, तो शांताराम यांचा १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’, त्याचीही कथा तीच. हा केवळ योगायोग असेल. लोकांस माहीत असलेली, डोळ्यांतून पाणी काढणारी कथा म्हणून दोघांनीही ती घेतली असेल. तरीही एवढे खरे की, कलेच्या या क्षेत्रात आपण पाऊल टाकले तेच तारामतीस बाजारात उभी करून. आणि प्रेक्षकांनी राजाच्या सत्यनिष्ठेबद्दल डोळे पुसले.

येथे कोणी आक्षेप घेईल की, परिणाम पाहा म्हणजे सारे सार्थ ठरते. फाळक्यांनी घर पणास लावले नसते तर भारतीय चित्रपट कोठून निपजता? या युक्तिवादाची कसून छाननी बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली केली आहे. त्याने दृष्टांत घेतला तो चित्रकार गोगँ याचा. बायको व पाच मुले मागे टाकून तो कलेच्या पाठीमागे लागला आणि १८९१ साली ताहिती बेटावर गेला. विल्यम्स म्हणतो, त्याचे कृत्य क्षम्य ठरलेच तर ते केवळ यशामुळे ठरेल. आणि यश तर निर्णय घेतेवेळी हातात नसते. नीती जर अशी दैवाच्या हवाली केली, तर जो हरला तो पापी आणि जो जिंकला तो पुण्यवान, असा जुगाऱ्याचा न्याय होईल. शिवाय यशाचा लाभ मिळाला प्रेक्षकांना. किंमत दिली ती घरच्यांनी. एकाच्या नफ्याने दुसऱ्याचा तोटा भरून निघाला, असे म्हणणे कोणत्या वहीत बसते? फाळक्यांच्या बाबतीत तर यशही टिकले नाही. १९१८ साली भांडवलदारांबरोबर नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. मतभेद झाले, ते कंपनी सोडून काशीस जाऊन राहिले, पुन्हा परतले. मूकपटांचे युग सरले. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात त्यांचे देहावसान झाले तेव्हा जग त्यांस जवळजवळ विसरले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ सालचा. यशावरच सारा निवाडा अवलंबून ठेवला, तर १९४४ साली त्यांचे करणे अयोग्य होते आणि १९६९ साली ते योग्य झाले, असे म्हणावे लागेल. हे हास्यास्पद आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरस्वतीबाईंनी हे सारे स्वखुशीने केले. मग अन्याय कसला? कथेतही असेच आहे. मार्कंडेय पुराणात राणीच राजास सुचविते की, मला विका आणि ऋण फेडा. ते ऐकून राजा मूर्च्छित पडतो. पुराणकाराची ही दृष्टी सूक्ष्म आहे. राणीची संमती मिळाल्याने राजाचे मन हलके झाले, असे तो लिहीत नाही. त्या संमतीनेच राजा कोसळतो, असे लिहितो. कारण संमती ही दोन प्रकारची असते. समोर दोन दारे उघडी असता माणूस एका दाराने गेला, तर ती निवड. एकच दार उघडे असता त्यातून गेला, तर त्यास निवड म्हणणे ही भाषेची लबाडी. बारावीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलीची ‘खुशी’ या दुसऱ्या जातीची असते. म्हणून तिच्या तोंडच्या होकाराने आपली जबाबदारी संपत नाही. माणसास केवळ साधन लेखू नये, या कांटच्या नियमाचा अर्थही इतकाच नाही की, साधनाची परवानगी काढावी. त्याचा स्वतःचाही काही हेतू आहे की नाही, हे पाहावे, असा आहे.

तथापि फाळक्यांच्या घराविषयी न्यायाने बोलावयाचे तर येथे थांबता येत नाही. सरस्वतीबाई केवळ विकल्या गेलेल्या तारामती नव्हत्या. जे यंत्र नवऱ्याने आणले त्याची विद्या त्या शिकल्या. रसायनांची प्रमाणे त्यांच्या हातात बसली. या देशात चित्रपटाच्या तंत्रकर्माचा ज्यांनी प्रथम अभ्यास केला, त्यांत त्यांची गणना केली पाहिजे. गोगँने घर सोडले. फाळक्यांनी घरासच कारखान्यात घेतले. पुढे ‘कालिया मर्दन’ मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. एकाच्या वेडास सारे घर वाटेकरी झाले की, त्या त्यागाची जात बदलते. तो दान न राहता भागीदारी होतो. पण भागीदारी म्हटली म्हणजे तिचा पहिला नियम असा की, पाटीवर दोघांची नावे पाहिजेत. तोटा वाटून घ्यावयाचा आणि नाव मात्र एकाचे, ही भागीदारी नव्हे. फाळके ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ म्हणून पाठ्यपुस्तकांत गेले. सरस्वतीबाईंचे श्रम सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर ठळकपणे आले ते बहुधा २००९ साली, परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मुळे. म्हणजे मूळ चित्रपटानंतर ९६ वर्षांनी.

तर मग यशाने न फिटणारे आणि संमतीने न मिटणारे हे देणे फेडावयाचे कसे? येथे एका जपानी दिग्दर्शकाचे चरित्र आपणास उपयोगी पडते. केंजी मिझोगुची याचा जन्म १८९८ साली टोकियोत झाला. रशिया-जपान युद्धात सैनिकांस पावसाळी कोट विकून श्रीमंत होण्याचा बेत त्याच्या बापाने केला. युद्ध लवकर संपले आणि घर बुडाले. थोरली बहीण सुझु हिला दत्तक देण्याच्या नावाखाली गेशांच्या धंद्यात घालण्यात आले. त्याच बहिणीने पुढे एका सरदाराच्या आश्रयास असता भावाचा सांभाळ केला, त्यास चित्रकलेच्या शिक्षणास मदत केली. काशीच्या बाजारातील रोहिदास मोठा होऊन कलावंत झाला, असे समजा; पण त्याच्यासाठी आलेला पैसा बहिणीच्या विक्रयातून आला होता, हे त्यास ठाऊक होते. १९२३ पासून तो चित्रपट दिग्दर्शित करू लागला, आणि १९५६ साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या उत्तम चित्रपटांचा विषय फिरून फिरून एकच: पुरुषाच्या उत्कर्षाची किंमत देणारी स्त्री.

१९३९ सालच्या त्याच्या एका चित्रपटाचे नाव मराठीत ‘शेवटच्या शेवंतीची कथा’ असे होईल. थोर नटाच्या घराण्यातील दत्तकपुत्र. सारे त्याची स्तुती करतात, पण त्यास अभिनय येत नाही. हे त्याच्या तोंडावर सांगते ती घरातील एक दाई, ओतोकु. त्या सत्यापायी तिला घराबाहेर काढतात. तो तिच्या मागून जातो. फिरत्या नाटकमंडळ्यांत दैन्याची वर्षे दोघे काढतात. तो खरा नट होतो. आणि घराण्याने त्यास परत घ्यावे म्हणून ती स्वतः बाजूस होते. शेवटी नदीतून त्याच्या सन्मानाची मिरवणूक निघते, नावेत उभा राहून तो गर्दीस नमस्कार करतो. त्याच वेळी गावातील एका खोलीत ती मरत असते. दिग्दर्शक त्या नमस्कारात विजयाचा आनंद भरत नाही. प्रेक्षकास एकाच वेळी दोन्ही गोष्टी माहीत असतात, आणि त्यामुळे टाळी वाजविण्यास त्याचा हात उचलत नाही. आपल्या हरिश्चंद्रकथेत देव येतात, रोहिदास उठतो, राज्य परत मिळते आणि हिशेब मिटतो. मिझोगुचीच्या चित्रपटात कोणी देव येत नाही.

१९५४ सालच्या ‘सान्शो’ या चित्रपटात तो याच्याही पुढे जातो. गुलामगिरीत पडलेली दोन भावंडे; भाऊ पळून जावा म्हणून बहीण मागे राहते आणि छळाने आपल्या तोंडून त्याचा ठाव फुटू नये म्हणून तळ्यात देह टाकते. भाऊ पुढे प्रांताधिकारी होतो. तो काय करतो? आधी गुलामांस मुक्त करतो, आणि मग अधिकार सोडून देतो. बहिणीच्या प्राणांनी मिळालेले पद त्याने स्वतःच्या भोगासाठी ठेवले नाही. ऋण ज्याचे त्यास परत करता येत नाही, तेव्हा ते त्याच दशेतील इतरांस द्यावे, हा त्याचा अर्थ. मिझोगुची स्वतः साधुपुरुष होता, असे माझे म्हणणे नाही. हाताखालच्या माणसांस तो निर्दयपणे राबवी. १९४१ साली त्याच्या पत्नीस वेड लागले आणि पुढे ती रुग्णालयातच राहिली. पण जे देणे त्याच्या आयुष्यात फिटले नाही, ते त्याने झाकलेही नाही. ते त्याने पडद्यावर उघडे करून जगास दाखविले.

हिशेब उघडा ठेवण्याची ही रीत आपणास परकी नाही. चिकलठाण्याच्या विमानतळावर बौद्ध देशांतील पाहुणे, त्यांत जपानीही, उतरतात ते अजिंठ्याच्या वाटेने जाण्यासाठी. तेथे पाचव्या शतकातील दानलेख आहेत. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविलेल्या सोळाव्या लेण्यातील लेख प्रसिद्ध आहे. पण मला अधिक हृद्य वाटतात ते साध्या भिक्षूंचे, मूर्तींच्या व चित्रांच्या खालचे, दोन-दोन ओळींचे लेख. त्यांचा आशय ठरीव असतो: हे दान अमक्याचे, यातील जे पुण्य, ते मातापित्यांस पुढे करून सर्व प्राण्यांस मिळो. दान स्वतः करून पुण्य दुसऱ्याच्या नावे लिहावयाचे! आपण जे काही झालो ते एकट्याच्या बळावर झालो नाही, ही कबुली त्या भिक्षूंनी दगडावर ठेवली. अर्थात तोही हिशेब पुरा नव्हे. ज्या हातांनी ती चित्रे काढली, त्यांची नावे तेथे नाहीत. म्हणूनच आरंभी विचारलेला प्रश्न प्रत्येक पिढीने नव्याने विचारावा लागतो.

तात्पर्य, ध्येयासाठी घर पणास लावू नये, असा सरसकट निषेध करणे मला पटत नाही. तसे केले तर जगात नवे काहीच होणार नाही. पण त्यासाठी तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत. पहिली अशी की, ज्याच्या आयुष्यातून खर्च व्हावयाचा, त्याच्यापुढे दुसरे दार खरोखर उघडे आहे की नाही, हे आधी पाहावे. नसेल तर ते उघडणे हेच पहिले कार्य. दुसरी अशी की, जेथे शक्य तेथे त्यागाची भागीदारी करावी, विद्या वाटून घ्यावी, आणि पाटीवर दोघांची नावे घालावी. तिसरी अशी की, जे फिटणारे नाही ते फिटले असे म्हणू नये. ‘तिने आनंदाने केले’ या वाक्याइतके कर्जबुडवे वाक्य आपल्या भाषेत दुसरे नसेल.

आणि भावास उत्तेजन द्यावे की बहिणीची बाजू घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर अध्यापकाने भावाकडूनच मागावे. ज्यास स्वप्न पडले आहे त्यास एवढेच विचारावे: तुझ्या स्वप्नाचे भाडे कोण भरते आहे, आणि तिचे स्वप्न काय होते, हे तू तिला कधी विचारलेस का? या प्रश्नाने ज्याचे स्वप्न मोडेल, त्याचे ते मोडलेलेच बरे. ज्याचे मोडणार नाही, तो घरी जाऊन आधी बहिणीच्या प्रवेशाचा अर्ज भरील, आणि मग कॅमेऱ्यास हात लावील. त्याच्या चित्रपटास थोडा उशीर होईल. पण त्याच्या कथेतील तारामती बाजारात उभी असणार नाही.